उंबरोळीच्या सत्तेचाळीस जबान्या

१

रविवारी दुपारी जेवायच्या आधी महादू गुरुजी जरा वेळ कॉम्प्युटरसमोर बसले, आणि त्या दिवशी ते जेवलेच नाहीत. पडद्यावर डाव्या हाताला 'उंबरोळी १९५६' नावाचं फोल्डर असायचं. ते तिथे नव्हतं. त्यांनी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं, चष्मा पुसला, सगळीकडे शोधलं. दहा वर्षांचं काम जागेवर नव्हतं.

उंबरोळी हे मुरबाड तालुक्यातलं दीडशे उंबऱ्यांचं गाव. तिथल्या बौद्धवाड्याने छप्पन्न साली धर्म बदलला. त्यानंतर गावाने विहीर कशी बंद केली, कोणाला शेतावर घेईनासे झाले, कोण टिकलं आणि कोण कल्याणला निघून गेलं, हे सगळं गुरुजींनी निवृत्त झाल्यावर सत्तेचाळीस माणसांच्या तोंडून उतरवून घेतलं होतं. त्यातली एकवीस माणसं आता हयात नव्हती. मूळ वह्या गेल्या जुलैच्या पुरात भिजल्या. वाळवून जेवढं वाचता आलं तेवढं गुरुजींनी टाइप करून घेतलं, आणि कुजलेल्या वह्या शेवटी बांधावर पुरल्या. कॉम्प्युटर घेतला तोच मुळी पुन्हा काही भिजू नये म्हणून. चौदा ऑक्टोबरला, पन्नास वर्षं पुरी होताना, विहारात पुस्तक निघायचं होतं. मध्ये चार आठवडे उरले होते.

गुरुजींनी शहापूरला संघरत्नाला फोन लावला. ती त्यांच्या हाताखाली चौथीपर्यंत शिकलेली. आता चौतिशीची झाली होती, एसटी स्टँडच्या मागे कॉम्प्युटरचा क्लास चालवत होती, आणि आसपासच्या पंधरा गावांतली बिघडलेली यंत्रं तिच्याच टेबलावर येत होती. घरात चोरी झाली, एवढंच गुरुजी बोलले. काय गेलं विचारल्यावर म्हणाले, "भांडंकुंडं जागेवर आहे. माणसं गेली."

किन्हवलीवरून जाणारी एसटी धरून ती चारला उंबरोळीत उतरली. थांब्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये गुरुजींचा भाचा रूपेश गुडघ्यांत मान घालून बसला होता. तो वाशिंदच्या एका कारखान्यात होता. कॉम्प्युटर फार हळू चालतो म्हणून मामा महिनाभर कुरकुरत होते. तेव्हा एका मासिकाबरोबर मिळालेल्या सीडीतलं साफसफाईचं फुकट सॉफ्टवेअर त्याने सकाळी यंत्रात घातलं आणि चालवलं होतं. त्या सॉफ्टवेअरवर झाडूचं चित्र होतं, म्हणून घरात सगळे त्याला झाडूच म्हणत होते. झाडू फिरला आणि फोल्डर गेलं, तेव्हा गुरुजींनी भाच्याला पुन्हा दारात पाऊल टाकू नको म्हणून सांगितलं होतं.

संघरत्ना त्याच्या शेजारी बसली. तिला वाटलं, हा आता माफी मागेल. रूपेशने मान वर केली.

"ताई, मामांचं फोल्डर मी पुसलं नाय. मी बसलो तेव्हा ते पडद्यावर नव्हतंच."

२

आरोपीने असं म्हणण्यात विशेष काही नव्हतं. क्लासमध्येही कोणी बटण दाबलेलं नसतं, सगळं आपोआप झालेलं असतं. तरी संघरत्नाने गुरुजींच्या घरी जाऊन यंत्र उघडलं.

तिच्या मते फुकटची सॉफ्टवेअरं सगळीच वाईट नव्हती. मुलांना ती तीनच गोष्टी पाठ करायला लावायची. झाडू मारायच्या आधी आपल्या कामाची प्रत सीडीवर काढून घ्या. झाडू काय काय पुसणार त्याची यादी वाचा. आणि ज्या खुणेचा अर्थ कळत नाही ती काढून टाका. रूपेशने यातलं काहीच केलं नव्हतं. सगळ्या चौकोनांत बरोबरच्या खुणा होत्या. त्यातली शेवटची होती, पुसलेलं पुन्हा कधीही सापडू नये अशा रीतीने पुसण्याची. यंत्र त्याने जास्त फास्ट होईल, असं रूपेशला वाटलं होतं.

पण खुणा कितीही असल्या तरी असा झाडू माणसाने केलेल्या कामाला हात लावत नाही. तो विंडोजचा साचलेला गाळ काढतो, इंटरनेटचा काढतो, आणि कचरापेटी रिकामी करतो. टेबलावरचं पुस्तक तो उचलून नेत नाही.

काय पुसलं याचा अहवाल त्या झाडूने स्वतःच एका फायलीत लिहून ठेवला होता. साडेतीन हजार ओळींचा होता. संघरत्ना एकेक ओळ खाली सरकवत गेली, आणि सत्तेचाळीस फायलींशी थांबली. नावं बदललेली होती, पण मोजून सत्तेचाळीस, एकापाठोपाठ एक. त्यांच्या मागे लिहिलेला पत्ता गुरुजींच्या फोल्डरचा नव्हता. कचरापेटीचा होता.

म्हणजे झाडू फिरला तेव्हा फोल्डर कचऱ्यात पडलेलं होतं. तिथे ते आधीच कोणीतरी टाकलं होतं.

गुरुजी पाठीमागे उभे होते. त्यांना तिने हे सावकाश समजावलं. मग ती आणखी खाली गेली. कचरापेटीची स्वतःची एक छोटी नोंद असते. पेटीत शेवटचं काही पडतं, ती वेळ तिच्यावर राहते. झाडूने तीही पुसली होती, पण पुसण्याआधी यादीत तिची वेळ उतरवली होती. रविवार, सकाळी सात वाजून एकतीस मिनिटं.

त्या वेळी रूपेश वाशिंदच्या कारखान्याच्या गेटवर कार्ड पंच करत होता. त्याची रात्रपाळी साडेसातला सुटली होती, आणि तो उंबरोळीत पोचला साडेदहाला. गुरुजी स्वतः दर रविवारी सात ते आठ विहारात वंदनेला असतात. त्यांच्या पत्नी जानकीबाईंनी सांगितलं, की त्या चुलीपाशी होत्या.

गुरुजींचा चेहरा एकाएकी मोकळा झाला. भाच्यावरचा राग उतरला म्हणून नव्हे, तर राग ठेवायला जुनी, ओळखीची जागा सापडली म्हणून.

"साडेसातला माझ्या ओट्यावर बारकू बसला होता. वंदनेहून येताना पोरांनी सांगितलं मला," ते म्हणाले. "मंगळवारच्या बैठकीत मी नाव घेणार आहे."

३

बारकू हा गावच्या जुन्या पाटलाचा मुलगा, गुरुजींच्याच वयाचा. छप्पन्नच्या दसऱ्यानंतर विहिरीला काटे लावले ते त्याच्या वडिलांनी. सत्तेचाळीसपैकी एकतीस जबान्यांत त्यांचं नाव होतं. शुक्रवारी बारकू गुरुजींकडे येऊन गेला होता. मेलेल्या बापाचं नाव छापू नको म्हणत होता. गुरुजींनी ऐकलं नव्हतं. वाड्यातल्या तरुण पोरांना हे आता कळलं होतं, आणि मंगळवारी संध्याकाळच्या बैठकीत गुरुजी बारकूचं नाव घेतील तेव्हा काय होईल हे संघरत्नाला दिसत होतं. पन्नास वर्षांत जे काय थोडंफार सांधलं होतं ते तासाभरात उसवलं असतं.

ती बारकूच्या अंगणात गेली तेव्हा तो इळ्याला धार लावत होता. त्याने काहीच लपवलं नाही. शुक्रवारी भांडलो, हे खरं आहे म्हणाला. रविवारी पुन्हा गेलो, तेही खरं. पण या वेळी वेगळं सांगायला गेलो होतो. बापाचं नाव ठेव, फक्त विहीर पुढे याच बापाच्या मुलाने मोकळी केली, ही एक ओळ घाल, एवढंच त्याला म्हणायचं होतं. गुरुजी घरी नव्हते म्हणून ओट्यावर बसून राहिला.

घरात शिरलास का, असं तिने सरळ विचारलं.

"मी त्या पेटीला हात लावला असता तर ती पेटली तरी असती का? मला मोबाइल धरता येत नाय," बारकू म्हणाला.

दार लोटलेलं होतं, एवढं त्याला आठवत होतं. आतून आवाज येत होता, थांबून थांबून, अडकित्त्याने सुपारी कातरल्यासारखा. त्याने हाक मारली तसा आवाज थांबला. बऱ्याच वेळाने जानकीबाई बाहेर आल्या, आणि त्यांनी कोरा चहा दिला.

आत आणखी कोण होतं, ते त्याने पाहिलं नव्हतं. त्याच्या मुलीचं, नम्रताचं नाव संघरत्नाने घेतलं तेव्हा मात्र त्याचा हात थांबला. नम्रता मुरबाडच्या कॉलेजात होती. पुस्तकाचं सगळं टायपिंग तिनेच केलेलं, रोज दुपारी गुरुजींच्या घरी बसून. ती सहाच्या एसटीने कल्याणला परीक्षेला गेली होती, असं तो म्हणाला. बापाने मुलीसाठी दिलेली साक्ष म्हणजे साक्ष नव्हे, हे दोघांनाही माहीत होतं.

परतताना संघरत्नाच्या डोक्यात तो अडकित्ता राहिला. गुरुजींच्या घरात सुपारीला कोणी शिवत नव्हतं.

४

नम्रता सोमवारी सकाळी स्वतःच शहापूरला क्लासवर आली. तिने परीक्षेचं प्रवेशपत्र टेबलावर ठेवलं. त्यावर कल्याणच्या केंद्राचा शिक्का होता, आणि साडेआठला वर्गात हजर असल्याची सही. सात एकतीसला ती उंबरोळीत असूच शकत नव्हती. तिचे डोळे सुजलेले होते. वाड्यातल्या मैत्रिणी कालपासून तिच्याशी बोलत नव्हत्या.

आजोबांबद्दलचं तिने जसंच्या तसं टाइप केलं होतं. एकही शब्द गाळला नव्हता. "वाईट वाटायचं. पण खोटं नव्हतं ना ते, म्हणून केलं," ती म्हणाली.

संघरत्नाने तिला काम कसं चालायचं ते विचारलं. नम्रता टाइप करायची, मग मोठ्याने वाचून दाखवायची, गुरुजी चुका सांगायचे. जानकीकाकी आत तांदूळ निवडत ऐकत असायच्या. दोन वाजता गुरुजी आडवे व्हायचे, आणि मग जरा विरंगुळा म्हणून, आमी पत्ते खेळायचो, ती म्हणाली. कॉम्प्युटरमध्ये असतात ते.

वाचताना मध्येच कोणी अडवायचं का, असंही तिने विचारलं. नम्रताने आठवून सांगितलं, की कधीच नाही. एकदाच, गेल्या गुरुवारी, काकी दारात आल्या आणि एक वाक्य परत वाच म्हणाल्या. महिपत नावाच्या कोणा माणसाचं होतं. बौद्ध झाल्यावर मेलेलं ढोर ओढायचं नाही अशी सगळ्यांनी शपथ घेतली होती, आणि त्याने दोन पायली नाचणीसाठी ती मोडली. तिने परत वाचलं. गुरुजी पुढचं वाच म्हणाले. काकी आत गेल्या.

जाता जाता तिने आणखी एक गोष्ट सांगितली. कचऱ्यात टाकलेलं परत कसं काढतात ते तिने एकदा करून दाखवलं होतं. चुकून एक पान तिकडे गेलं होतं, तेव्हा.

कोणाला दाखवलंस, हे विचारायच्या आत तिची मुरबाडची एसटी लागली आणि ती पळाली.

५

गुरुजींच्या यंत्रातली डिस्क संघरत्नाने काढून आणली होती. सोमवारी दुपारी क्लास सुटल्यावर तिने ती आपल्या यंत्राला जोडली. पुसलेल्या फायली परत मिळवायचं तिच्याकडे जे जे होतं ते सगळं तिने चालवलं. सत्तेचाळीसही फायली सापडल्या. उघडल्या, तर आत पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्यं होती. रूपेशच्या त्या शेवटच्या खुणेने आपलं काम नीट केलं होतं. नुसती पेटी रिकामी झाली असती, तर अर्ध्याहून जास्त माणसं परत आली असती.

डिस्क बंद करण्याआधी तिने विंडोजची रोजनिशी पाहिली. यंत्र कधी चालू झालं, कधी बंद झालं, नीट बंद केलं की वीज गेल्यासारखं एकदम, हे त्यात उतरत असतं. गुरुजी भिंतीवरचं बटणच दाबायचे. त्यांनी बंद केलेला प्रत्येक दिवस रोजनिशीत अपघातासारखा नोंदलेला होता. रविवारी सकाळी मात्र यंत्र सात वाजून चार मिनिटांनी चालू झालं होतं आणि सात एक्केचाळीसला पायरी पायरीने, शिकवल्याप्रमाणे बंद झालं होतं. तसं बंद करणारी माणसं त्या घरात येणारी दोनच, नम्रता आणि रूपेश. एक कल्याणला होती, एक वाशिंदला.

म्हणजे तिसरं कोणीतरी होतं, आणि त्याला नम्रताने शिकवलं होतं.

मग तिच्या मनात नम्रताचं ते साधं वाक्य आलं. आमी पत्ते खेळायचो. कॉम्प्युटरमधला तो डाव एकट्याने मांडायचा असतो. त्यात दुसऱ्याला जागाच नसते. दुसरं माणूस असलं, तर एक शिकवणारं आणि एक शिकणारं. आणि त्या डावात शिकायचं काय, तर पत्ता बोटाने दाबून धरायचा, ओढत न्यायचा, पाहिजे तिथे सोडायचा. इंग्रजीचं एक अक्षर लागत नाही. ज्याला पत्ता ओढता येतो, त्याला फोल्डरही ओढता येतं. कचऱ्याच्या टोपलीचं चित्र कोणालाही कळतं. आणि दारापलीकडून ऐकलं, तर माऊसचा आवाज अडकित्त्यासारखाच येतो.

गुरुजी दोन वाजता झोपायचे. घरात उरायच्या त्या दोघी.

संघरत्नाने डिस्क सोडवून पिशवीत ठेवली. लहानपणी शाळा सुटल्यावर या बाईच्या हातची भाकरी तिने खाल्ली होती. महिपत कोण, हे तिला अजून माहीत नव्हतं. पण ते कोणाला विचारायचं, हे कळलं होतं.

६

मंगळवारी सकाळी गुरुजी बैठकीची तयारी करायला विहारात गेल्यावर ती मागच्या दाराने शिरली. जानकीबाई चुलीपाशी बसल्या होत्या. संघरत्नाने काहीच फिरवून विचारलं नाही.

"काकी, महिपत तुमचे कोण?"

जानकीबाईंनी लाकूड मागे ओढून जाळ कमी केला.

"बाप," त्या म्हणाल्या.

मग त्या सांगत गेल्या, कोणाला तरी सांगायचं म्हणून मनात हजार वेळा जुळवून ठेवल्यासारखं. सत्तावन्नचा पावसाळा होता. त्या नऊ वर्षांच्या. आई बाळंत झालेली, धाकटी लहानी अठरा दिवसांची. गावाने कामं बंद केलेली. घरात सहा दिवस शिजलं नव्हतं, फक्त रानातली भाजी उकडून खात होते. आईला दूध येईना. पाटलाचा बैल ओढ्याकाठी मेला होता. पाटलाने निरोप धाडला, बैल ओढ आणि दोन पायली नाचणी घेऊन जा. महिपत भर दिवसा गेला, चोरून गेला नाही. बैल ओढून आला, नाचणी आणली, आणि स्वतः त्यातलं काही खाल्लं नाही. आपल्याच माणसांनी त्याला वाळीत टाकलं. लहानी तरीही जगली नाही. तिला पुरायला वाड्यातलं कोणी आलं नाही. बापाने आणि नऊ वर्षांच्या जानकीने दोघांनीच पुरलं.

"शपथ मोडली हे खरं आहे. ते लिहू नका असं मी कधी म्हटलं नाय," जानकीबाई म्हणाल्या. "मी म्हटलं, का मोडली ते पण लिवा. गुरुजी म्हणाले, इतिहासात घरचं घालता येत नाय. दहा वरसं तीन गावांत हिंडले. ज्याला त्याला इचारलं. मी रोज समोर होते. मला नाय इचारलं."

संघरत्नाने फोल्डरचं विचारलं.

ते त्यांनीच टाकलं होतं. त्यांना वाटलं होतं, फोल्डर दिसलं नाही की गुरुजी घाबरतील, शोधतील, शेवटी त्यांना विचारतील. निदान तेवढ्यासाठी तरी विचारतील. मग त्या सांगणार होत्या, आधी माझं ऐका, मग देते. कचऱ्यातलं परत येतं हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. रूपेश यंत्र फास्ट करायला येणार हे माहीत होतं. पण फास्ट करणं म्हणजे टोपली उपडी करणं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

"परत येणार नाय ना?" त्यांनी विचारलं.

संघरत्नाने मान हलवली. जानकीबाईंनी डोळ्यांना पदर लावला नाही. त्या म्हणाल्या, एकवीस मेलेल्या माणसांचं तोंड मी दाबलं. त्यातली निम्मी माझ्या ओळखीची होती.

"गुरुजींना मी सांगते. तू फक्त बस इथे."

७

गुरुजी आल्यावर जानकीबाईंनी सांगितलं. फोल्डर ओढलं ते सांगितलं, का ओढलं तेही सांगितलं. लहानीचं नाव त्या घरात बहुधा पहिल्यांदाच उच्चारलं गेलं. गुरुजी खुर्चीत ताठ बसून होते. मध्ये एकदा त्यांचे ओठ हलले. संघरत्नाला वाटलं, आता विचारतील. त्यांनी विचारलं ते एवढंच, की हे आणखी कोणाला माहीत आहे. कोणाला नाही, असं कळल्यावर उठून त्यांनी शर्ट घातला.

संध्याकाळच्या बैठकीत सगळा वाडा जमला होता. गुरुजींनी बारकूचं नाव घेतलं नाही. बारकूचा किंवा त्याच्या मुलीचा याच्याशी काही संबंध नाही, असं स्पष्ट सांगितलं, आणि पोरांच्या मुठी सैल पडल्या. मग ते म्हणाले, की भाच्याने हौसेने फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं, त्याने सगळं खाल्लं. अज्ञान, दुसरं काय.

संघरत्ना मागच्या रांगेत बसली होती. तिला उठता आलं असतं. पण उठून काय बोलायचं? सगळ्यांदेखत त्या बाईचं नाव? ती उठली नाही. आणि न उठण्यात त्या खोट्यावर आपणही सही केली, हे तिला तिथेच कळलं.

दुसऱ्या दिवशी ती वाशिंदला जाऊन रूपेशला भेटली. फोल्डर तू टाकलं नव्हतंस हे सिद्ध झालं आहे, एवढं सांगणं तिचं कर्तव्य होतं. कोणी टाकलं हे तिने सांगितलं नाही. त्याने विचारलंही नाही. मामी आज सकाळीच एसटीने एकट्या येऊन गेल्या, म्हणाला.

"मामा बैठकीत माझं नाव बोलले ना? मग आता खरं कोणाला पायजे, ताई," रूपेश म्हणाला. "आणि शेवटची खूण मीच केली होती. ती न वाचता केली."

चौदा ऑक्टोबरला विहारात कार्यक्रम झाला. पुस्तकाच्या जागी चौदा पानांची पुस्तिका निघाली. छापखान्याला नमुना म्हणून पहिलं प्रकरण आधी कागदावर काढलेलं होतं, तेवढंच शिल्लक राहिलं होतं. संघरत्नाने प्रस्तावना उभ्या उभ्या वाचली. 'एका नातलगाच्या निष्काळजीपणामुळे व मोफत मिळालेल्या सदोष सॉफ्टवेअरमुळे उर्वरित जबान्या नष्ट झाल्या,' असं गुरुजींनी आपल्या सहीनिशी छापलं होतं. भाषण करताना ते म्हणाले, की सत्य कितीही कडू असलं तरी लिहून ठेवलं पाहिजे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रूपेश आला नव्हता. बारकू आला होता, आणि सर्वांत मागे उभा होता.

जेवणं चालू झाल्यावर संघरत्ना मागच्या बाजूला गेली. जानकीबाई मोठ्या पातेल्यांना राख लावत होत्या. संघरत्नाने पिशवीतून कोरी वही काढली. तिने बरेच दिवस ठरवून ठेवलं होतं. महिपतचं, लहानीचं, सत्तावन्नच्या पावसाळ्याचं, जसं काकी सांगतील तसं ती लिहून घेणार होती. त्याच्या तीन प्रती काढून तीन घरांत ठेवणार होती. तिने तसं सांगितलं.

जानकीबाईंनी वहीकडे पाहिलं. हात धुतले, पुसले, आणि वही हातात घेऊन पहिलं पान उघडून बघितलं. मग ती संघरत्नाच्या पिशवीत परत ठेवली.

"नको गो. तू चांगली आहेस," त्या म्हणाल्या. "पण ज्याने इचारायचं त्याने अजून इचारलं नाय. एकवीस माणसांचं पुसून मी आता माझ्या बापाचं कुठं लिवू?"

आतून गुरुजींनी आणखी ताटं मागवली. जानकीबाई ती घेऊन आत गेल्या.